कट झाल्यावरही चालू

एक, दोन, तीन. आवाज येतोय?

येत असेल तर सांगतो. माझा आकार तूरडाळीच्या दाण्याहून थोडा मोठा. डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी, पाठीला चिमटा आणि शेपटीसारखी लांब तार. ती तार जाते बोलणाऱ्याच्या कमरेला अडकवलेल्या एका डबीत. मित्रांनो, मी कॉलरचा माईक आहे आणि आता जुना झालो आहे. टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाच्या गळ्याखाली जो काळा ठिपका दिसतो, तो मी. तुम्ही मला पाहिलं असेल, पण लक्ष दिलं नसेल. लक्ष जाऊ नये अशीच माझी घडण आहे.

सुरुवातीलाच एक अडचण सांगून ठेवतो. डबीत दोन सेल घातले आणि बटण सरकवलं की मी असतो. बटण मागे घेतलं की मी नसतो. झोपत नाही, नसतोच. त्यामुळे माझ्या आयुष्यात मोठमोठी भोकं आहेत. जिथे भोक आहे तिथे मी 'बंद' असं म्हणेन. तिथे काय झालं ते मला विचारू नका.

चालू.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला सांगता येत नाही, कारण माझ्या खोक्यावरची अक्षरं दशरथलाही वाचता येत नव्हती. दशरथ म्हणजे माझा मालक. आवाज टेपणारा. मूळचा मालवणकडचा, राहायला बोरीवलीला. दिवसभर कानांवर जाड हेडफोन आणि तोंडात बडीशेप. अंधेरीतल्या एका औद्योगिक वसाहतीत, खाली पुठ्ठ्याची खोकी बनतात त्याच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. तिथे पहिली तीन वर्षं मी थालीपीठ शिकवणाऱ्या बाईंच्या पदरावर आणि भविष्य सांगणाऱ्या एका गुरुजींच्या उपरण्यावर काढली.

तिथे मी शिकलो. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. खरं बोलणार असेल तर तो श्वास पोटातून येतो. खोटं बोलणार असेल तर तो गळ्यापाशीच घेतलेला असतो, आखूड. गुरुजींचे सगळे श्वास आखूड होते. पण हे मी कोणाला सांगणार? मला ऐकता येतं. बोलायचं काम दुसऱ्यांचं.

आणखी एक गोष्ट तिथेच शिकलो. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. चित्रण संपलं की दशरथ ओरडायचा, 'रूम टोन.' मग जो जिथे असेल तिथे गप्प उभा राहायचा. तीस सेकंद. कोणी नसल्यासारखी त्या खोलीची शांतता टेपून ठेवायची. शांतता सगळीकडे सारखी नसते, मित्रांनो. एका खोलीत पंखा असतो, दुसरीत फ्रिज, तिसरीत भिंतीपलीकडे कोणीतरी भांडी घासत असतं. नंतर संकलन करताना माणसाच्या बोलण्यातली नको ती वाक्यं कापली, की मध्ये खड्डा पडतो. तो खड्डा ह्या शांततेने बुजवतात. म्हणजे बघणाऱ्याला काही कापलंय असं वाटतच नाही.

"फोन बंद करा," दशरथ म्हणायचा. "हलू नका. खाजवायचं असेल तर आत्ताच खाजवून घ्या."

एके दिवशी त्याने मला एका नव्या मुलीच्या कॉलरला लावलं. तिचं हृदय इतक्या जोरात वाजत होतं की मला दुसरं काही ऐकूच येईना.

"हृदय जरा हळू वाजव गं," दशरथ म्हणाला. "माझ्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात जातोय."

ती हसली. तिचं नाव संघमित्रा.

संघमित्रा विक्रोळीची. वडील वाशिमकडून आलेले, विक्रोळीतल्याच एका मोठ्या कारखान्यात फिटर होते. वस्तीतल्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन ती आठवीपासून करायची. पुढे केबलवरच्या बातम्या वाचल्या. आता तिला स्वतःचा कार्यक्रम मिळाला होता. नाव होतं 'समोर ये'.

कार्यक्रम असा. मोबाइलवर कोणाशी तरी प्रेम जमलंय, पण त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, अशी माणसं आम्हाला फोन करायची. संघमित्रा त्यांच्या घरी जायची, सगळं विचारायची, मग पलीकडच्या माणसाचा माग काढायची आणि दोघांना एका दारापाशी आणायची. दार वाजवण्याआधी ती कॅमेऱ्यात बघून म्हणायची, 'प्रेमाला तोंड असतं. चला, बघूया.' मग दार उघडायचं. बहुतेक वेळा आत फोटोतला माणूस नसायचा.

पहिलं वर्ष चांगलं होतं. मुलुंडच्या प्रेमाबाई मला आठवतात. शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा बोटीवरचा कप्तान प्रत्यक्षात घाटकोपरचा एक झेरॉक्सवाला निघाला, दोन मुलींचा बाप. कट झालं, दिवे विझले, माणसं वायरी गुंडाळायला लागली, तरी संघमित्रा त्यांच्याजवळून उठली नाही.

"पण गुड मॉर्निंग रोज तोच म्हणायचा ना गं?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"हो," संघमित्रा म्हणाली. पोटातून. मग तिने कमरेच्या डबीपाशी हात नेला.

बंद.

त्या दोघी पुढे काय बोलल्या ते मला माहीत नाही. माझ्या आयुष्यातलं हे एकच भोक मला आवडतं.

चालू.

दुसऱ्या वर्षी अनिरुद्ध आला. तो निर्माता होता. आवाज कधी चढवायचा नाही, 'यार' म्हटल्याशिवाय वाक्य संपवायचा नाही. एकदा दशरथ यंत्र थांबवायला विसरला आणि कट झाल्यानंतरचं एका माणसाचं रडणं माझ्यातून टेपलं गेलं. अनिरुद्धने ते दोनदा ऐकलं. मग म्हणाला की हे कॅमेऱ्यासमोरच्या रडण्यापेक्षा कितीतरी खरं आहे.

तेव्हापासून नियम झाला. कट म्हणायचं, पण थांबवायचं नाही. कॅमेरे खाली करायचे, दिवे विझवायचे, पाणी द्यायचं. मी मात्र चालू. मित्रांनो, मला कोणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तरी मी नाही म्हणालो असतो, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तेव्हा माझा भाव वाढला होता. मला रोज मऊ फडक्याने पुसत होते.

त्याच वर्षी तिचं नाव कापलं. संघमित्रा लांब पडतं, पडद्याखालच्या पट्टीत बसत नाही, म्हणून ती नुसती मित्रा झाली. आईने फोनवर विचारलं की बापाने ठेवलेल्या नावाचे तुकडे करायला तुला कोणी सांगितलं? तिने फोन ठेवला. वडील तेव्हा रुग्णालयात होते. ते गेले त्याच्या चौथ्या दिवशी ती कांदिवलीत एका दारापुढे उभी राहून 'प्रेमाला तोंड असतं' म्हणत होती. तो श्वास मला आठवतो. गळ्यापाशी घेतलेला होता. तिचा पहिला.

तिसऱ्या वर्षी लोक शहाणे झाले. आमचा फोन आला की ठेवून द्यायचे. प्रकरणं मिळेनात. तेव्हा अनिरुद्धने सांगितलं की प्रकरणं मिळत नसतील तर पेरायची. एक मुलगी तयार करायची, फोटो लावायचा, चारपाच महिने बोलायचं, मग शोधायला जायचं. दाराआड उभी राहायला नटी आणता येते.

मुलीचं नाव ठरलं भाविका. राहणार घाटकोपर. फोटो तेजल नावाच्या एका नाटकातल्या मुलीचा. निरोप लिहायचं काम आधी दोन लेखकांना दिलं, पण त्यांची प्रेमपत्रं साबणाच्या जाहिरातीसारखी वाटायची. मग वेगळा फोन आणून अनिरुद्धने तो संघमित्राच्या हातात ठेवला.

तिला लिहिता लिहिता ओठांतल्या ओठांत वाचायची सवय. वाचतानाही तसंच. मेकअपच्या खुर्चीत बसून ती टाइप करायची आणि मी कॉलरवर असायचो. भाविकाचं सगळं बोलणं असं माझ्यातून गेलं. आणि दशरथच्या कानात.

"मित्रा, माईक चालू आहे गं," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"असू दे."

वीस जणांना निरोप गेले. अठरा जणांनी पहिल्याच दिवशी फोटो मागितले, एकाने शिव्या दिल्या. एक उरला. त्याने विचारलं, 'जेवलीस का?'

तो लहू. चाळिशीतला, चारकोपच्या पलीकडे खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहणारा. चुलतभावाच्या बोटीवर जायचा. घरी आई, सगुणा, डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी. लहू लिहायचा ते साधं असायचं. आज पाण्याला वास वेगळा हाय. आज जाळ्यात नुसता कचरा आला. आये विचारते, तू सुकट खातेस का?

संघमित्रा थांबली. मग तिचं बोट चालू लागलं आणि तिचे ओठही. 'खाते. माझे बाबा चटणी करायचे. लसूण जास्त. तवा घासायचं काम माझं.'

"भाविका घाटकोपरची गुजराती ना गं?" हेडफोनमधून दशरथ म्हणाला. "ती सुकट खाते?"

"ही खाते."

मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. तिचा श्वास पोटातून आला होता.

चार महिने झाले. तो फोन आधी मेकअपच्या पिशवीत असायचा, मग पर्समध्ये, मग कुर्त्याच्या खिशात. आवाज बंद, नुसता थरथरणारा. थरथरला की मला कळायचं, कारण खिसा माझ्यापासून वीतभरावर.

मग सोमवारच्या बैठकीत आलेल्या तक्रारींची यादी वाचायला घेतली. तिसरी तक्रार एका आईची होती. 'समोर ये' दर शनिवारी बघणारी. तिचं म्हणणं, माझा मुलगा मोबाइलमधल्या पोरीवर जीव लावून बसलाय. घराला रंग काढलाय. आलेली दोन स्थळं परत पाठवली. ती पोर काही येत नाही. तुम्ही तिला शोधून आणा. तक्रार करणारीचं नाव सगुणा, चारकोप.

संघमित्राने ते नाव दोनदा वाचलं. ओठांतल्या ओठांत.

"झकास," अनिरुद्ध म्हणाला. "बघ, आपल्याला जाळं ओढावंही लागलं नाही यार."

ती म्हणाली की हे प्रकरण नको. तो म्हणाला की ठीक आहे, मग दुसऱ्या कोणाला सूत्रसंचालन देऊ, दार तर वाजणारच आहे. तुझ्याऐवजी कोण वाजवणार एवढाच प्रश्न.

तिने मान हलवली असेल. मला मान हललेली ऐकू येते, कॉलर घासते.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सगुणाबाईंच्या घराला आंब्याच्या मोहरासारखा पिवळा रंग काढलाय, असं कॅमेरावाला म्हणाला. मला रंग कळत नाहीत. मला ओल्या जाळ्यांतून पडणारे थेंब ऐकू येत होते. सगुणाबाईंनी संघमित्राचे दोन्ही हात धरले, बांगड्या वाजल्या.

"तू शोध गो बाय," त्या म्हणाल्या. "तुज्यावर इस्वास हाय माजा. आनि ही साडी घे. भेटली ना, की तिला नेसव. हिरवी हाय. माज्या पोराला हिरवा आवडतो."

कागदाची पिशवी संघमित्राच्या हातात आली. कागद बराच वेळ वाजत होता.

लहू बोलायला तयार नव्हता. आईसाठी म्हणून खाटेवर बसला. संघमित्राने नेहमीचे प्रश्न विचारले. तिला कधी पाहिलंय का? नाय. फोनवर आवाज ऐकलाय का? नाय. मग ती खरी कशावरून?

"खोटं मानूस एवढ्या बारीक गोष्टी सांगत नाय," लहू म्हणाला.

"कट," अनिरुद्धने सांगितलं आणि तो बाहेर गल्लीत निघून गेला.

"रूम टोन," दशरथ म्हणाला. "फोन बंद."

संघमित्राने पर्समधला फोन बंद केला. तो तिचा स्वतःचा. दुसरा खिशात होता. तो बंद करायची तिला सवयच राहिली नव्हती. चार महिन्यांत तो बंद झालाच नव्हता.

आता ते तीस सेकंद.

एक. दोन. तीन. भिंतीवरचं घड्याळ.

सहा. ओल्या जाळ्यातून थेंब.

आठ. लहूचा अंगठा काचेवर. टक, टक, टक. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की फोन बंद म्हणजे त्याचाही. त्याला वाटलं शांत बसायचंय फक्त.

चौदा. शेवटची टक.

पंधरा. संघमित्राचा खिसा थरथरला.

मला ते ढग गडगडल्यासारखं ऐकू आलं. दशरथच्या खुर्चीचा पाय करकरला. नंतर तिने वाचला तेव्हा मला कळलं, त्या निरोपात लिहिलं होतं: 'ही मानसं तुला शोधतायत. तू येऊ नको. मी बघतो काय ते.'

सतरा. अठरा. कोणाचाच श्वास नाही.

वीस. एकच टक.

एकवीस. खिसा थरथरला.

पंचवीस. पुन्हा एकच टक. सावकाश, आता चुकून नाही.

सव्वीस. खिसा थरथरला.

सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

"झालं," दशरथ म्हणाला. त्याचा आवाज फाटका होता.

दाराशी उभ्या असलेल्या सगुणाबाईंना काही कळलं नाही. त्यांना वाटलं यंत्राचा आवाज. त्यांनी विचारलं की चहा टाकू का सगळ्यांना.

लहू उठला. खाट करकरली. मी वाट बघत होतो की आता तो ओरडेल. "चला," तो म्हणाला. "कुठं हाय ती पोरगी? बघून येऊ."

गाडीत मागच्या बाकावर ती दोघंच होती. पुढे ड्रायव्हर आणि कानांवर हेडफोन घेतलेला दशरथ. कट झालेलं होतं. मी चालू होतो.

बोरीवली आली. खिडकीकडे तोंड करून लहूने विचारलं, "सुकटीची चटणी करनारा बाप खरा हाय?"

"होता," संघमित्रा म्हणाली. "गेला."

"लसूण?"

"जास्त."

"मंग झालं," लहू म्हणाला. मग म्हणाला, "माजं काय नाय. पन आयेने तुला बोलावलंय. तिला वाटतंय तू देवमानूस. तिला तू सांगायचं. मी नाय सांगनार. तू, तुज्या तोंडाने."

"सांगेन."

मी श्वासाकडे लक्ष दिलं. कसा होता ते मला ठरवता आलं नाही.

राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला लागून असलेल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, संघमित्राने दार वाजवलं. 'प्रेमाला तोंड असतं,' ती म्हणाली. दारात तेजल आली, ठरल्याप्रमाणे रडली, ठरल्याप्रमाणे सांगितलं की मजा म्हणून केलं. आमच्याकडच्या कागदात होतं की इथे लहू चिडतो. तो चिडला नाही. तो तेजलला म्हणाला, "तुला उगा त्रास झाला. माफ कर." त्यावर तेजल खरीच रडायला लागली.

शनिवारी भाग दाखवला. सगुणाबाईंच्या घरातली तीस सेकंद शांतता अनिरुद्धने वापरली. थरथर पुसली आणि उरलेली शांतता लहूच्या बोलण्यातल्या कापलेल्या जागांवर पसरली. एकही खड्डा दिसला नाही. तो भाग त्या वर्षीचा सगळ्यांत जास्त पाहिलेला भाग ठरला. मित्राला पारितोषिक मिळालं. अंधेरीतल्या त्या समारंभात मीच होतो तिच्या कॉलरवर. टाळ्या इतक्या झाल्या की माझी टोपी हलली.

टाळ्या थांबायच्या आत खिसा थरथरला.

तिने स्टेजच्या मागे जाऊन वाचलं. ओठांतल्या ओठांत. 'सांगितलंस?'

मित्रांनो, त्यानंतर तो निरोप रोज यायचा. सकाळी अकराला, त्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो होतो त्या वेळेला. एकच शब्द. ना शिवी, ना धमकी. संघमित्रा उत्तर लिहायला घ्यायची आणि पुसायची. 'या आठवड्यात.' पुसलं. 'तुझ्या आईला बरं आहे का?' पुसलं. ती फोन घरी ठेवून का येत नाही, फेकून का देत नाही, असं दशरथने एकदा विचारलं.

"मग मला कोण विचारणार?" ती म्हणाली.

तिचं हृदय आता पहिल्या दिवसासारखं वाजायला लागलं होतं. दशरथ त्यावरून विनोद करत नव्हता. दार वाजवताना तिचा हात दारापर्यंत जाऊन थांबायचा. पलीकडे कोण आहे हे माहीत असलं तरी.

त्रेचाळीस दिवस.

चव्वेचाळिसाव्या दिवशी आम्ही घाटकोपरला एका घरात होतो. अकरा वाजले. दशरथ म्हणाला, रूम टोन. सगळे गप्प उभे राहिले. मी खिशाकडे कान लावला. पंखा. मिक्सर. लांब शाळेची घंटा. तीस सेकंद संपले. खिसा गप्पच.

"झालं," दशरथ म्हणाला.

"थांब," संघमित्रा म्हणाली. "अजून थोडं टेप."

आणखी तीस सेकंद. आणखी तीस. लोक चुळबुळायला लागले. अनिरुद्धने विचारलं की काय चाललंय यार. ती जिना उतरली. मागे पायांचे आवाज आले, मग आले नाहीत. तिने रिक्षा थांबवली. "चारकोप," ती म्हणाली, आणि मला काढायला विसरली. किंवा विसरली नाही. मी तिच्या कॉलरवरच होतो. पण दशरथच्या हेडफोनपासून इतक्या लांब की आता मला ऐकणारं कोणीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा ऐकत होतो.

वाटेत ती एकदाच उतरली. विक्रोळीत, आईच्या घरी. "ती पिशवी कुठेय, माळ्यावरची?" एवढंच म्हणाली. परत आली तेव्हा हातात कागद वाजत होता.

सेल सकाळी घातले होते. माझ्या डबीवर एक दिवा आहे, सेल संपत आले की तो लाल होतो, असं दशरथ म्हणायचा. मला तो दिसत नाही. पण आवाज कडांनी विरायला लागतो, तसा विरायला लागला होता.

दार तेच. या वेळी तिने ते वाक्य म्हटलं नाही. नुसतं वाजवलं.

"कोन?" सगुणाबाई. मग बांगड्या. "तू गो? ये. आज कॅमेरा नाय तो?"

"नाही, आई. लहू आहे?"

आत जाळी टपकत नव्हती. कोरडी होती.

सगुणाबाई उंबऱ्यातच बसल्या, तसा आवाज आला. मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. टीव्हीवर दाखवल्यापासून लहू धक्क्यावर गेला की माणसं ओरडायची, भाविका आली रे, भाविका आली. चुलतभाऊसुद्धा हसायचा. लहू जाळी उचलून घरी यायचा. आठवड्यामागे तो खाली दक्षिणेकडच्या कुठल्याशा बोटीवर गेला. फोन फळीवर ठेवून गेला. तेव्हापासून निरोप नाही. कोणी म्हणतं कारवारला दिसला, कोणी म्हणतं नाही.

"आणि तो फोन?" संघमित्राने विचारलं. "रोज अकराला..."

"तो मीच दाबायची शेवटी," सगुणाबाई म्हणाल्या. "जाताना बोलला, आये, रोज अकराला इथं दाब, तोच शबुद जातो. काय लिवलंय मला कुठं वाचता येतंय. अकरापुरता चालू करायची, तरी काल चार्जिंग संपली, वायर त्याने नेली." त्या थांबल्या. "माजीच चूक गो. मीच तुमाला फोन केला ना. ह्याच बोटांनी. माज्या पोराला मीच हाकलला घरातून."

कागद वाजला.

"ती साडी?" सगुणाबाईंनी विचारलं. "दिली नाय तिला?"

"नाही."

"बरं केलंस. नायतरी ती काय नेसनार." कागदावर बोटं फिरली. मग: "पन मंग आज कशाला आनलीस?"

संघमित्राने श्वास घेतला. माझ्या सगळ्या आयुष्यात मी तसा श्वास ऐकला नाही. थेट पोटातून, पार खालून. आवाज विरत चालला होता, म्हणून मी माझं सगळं बळ त्या एका वाक्यावर लावलं.

"आई, भाविका मीच."

शांतता.

मी मोजायला लागलो. सवयच ती. पाच. नऊ. खाडीवरचा वारा. चौदा. दोन श्वास, एक म्हातारा, एक तरुण, दोन्ही थांबलेले. वीस. बांगड्या हलल्या, पण हात वर गेला की पुढे आला ते मला कळेना. सत्तावीस. उंबऱ्यावरून कोणीतरी उठलं. एकोणतीस. दाराची कडी वाजली.

कडी लागली, की आणखी मोठं दार उघडायला काढली?

बंद.

चालू.

हे शेवटचं चालू. दशरथच्या बोरीवलीच्या घरी, टेबलावर. मी त्याच्याकडे एका पाकिटातून आलो, कुरियरने, तार नीट गुंडाळलेली. पाकिटात चिठ्ठी नव्हती. 'समोर ये' अजून चालतो. दार आता दुसरी मुलगी वाजवते. तिचा माईक नवा आहे, माझ्यापेक्षा लहान. संघमित्राचं नाव कोणी काढत नाही, ना लांब ना आखूड. लहूचं काय झालं ते दशरथने शोधायचा प्रयत्न केला. तो चारकोपला गेलाही होता. त्या घराला कुलूप होतं, म्हणाला. दाराबाहेर दोरीवर एक हिरवी साडी वाळत होती. हे त्याने मला सांगितलं नाही. फोनवर बायकोला सांगत होता. मी चालू होतो.

त्याने एक गोष्ट मात्र केली. ते तीस सेकंद त्याने पुसले नाहीत. मूळचे, थरथरीसकट. कधीतरी दुपारी तो हेडफोन घालून ते ऐकतो. पंधरा, एकवीस, सव्वीस.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या माईकची विनंती काय असणार? माझी तार ओढू नका, टोपी हरवू नका, सेल आतच ठेवून मला विसरू नका, ते पाझरतात. हे सगळं आहेच. पण त्याआधी एक करा. हे वाचून झालं की हातातला फोन खाली ठेवा आणि ज्या खोलीत आहात तिथेच तीस सेकंद उभे राहा. हलू नका. खाजवायचं असेल तर आत्ताच खाजवून घ्या.

कोण तुमच्या उत्तराची वाट बघतंय, ते ऐका. कोणाचा तरी खिसा नक्की थरथरेल.

रूम टोन. फोन बंद.

एक.